मनीस पत्र

सातारा, रविवार

चि. मनीस अनेक आशीर्वाद.

मंगळवारी तू फोन ठेवलास, तेव्हापासून मी तीनदा नंबर लावला आणि वाजायच्या आत बंद केला. बोलायला गेले की माझ्या तोंडून भलतंच निघतं, म्हणून लिहिते. बापू फोटो काढून पाठवेल.

‘आदूला त्या काळ्या पोरांच्या नादी लावू नकोस’ असं मी म्हणाले. आदू शेजारी बसून ऐकतोय हे माहीत नव्हतं. पण तो नसता तरी ते बोलणं वाईटच होतं. चुकलं माझं.

पण मने, आदूच्या मित्राच्या शिक्षेविरुद्धच्या त्या अर्जावर तू सही केलीस का? तुमच्या कॅनडाच्या नागरिकत्वाचं अजून व्हायचंय.

तू पाठवलेला अहवाल नानांचं भिंग आणि डिक्शनरी घेऊन चार दिवस वाचला. पीलमधल्या, म्हणजे ब्रॅम्प्टन-मिसिसॉगाकडच्या शाळांचा, 2020 चा. मी आकड्यांपाशीच अडले. हायस्कूलमध्ये काळी मुलं शंभरात दहा, आणि शिक्षा म्हणून घरी बसवलेल्यांत शंभरात बावीस. बत्तीस वर्षं त्रैराशिक शिकवलं, पण हे कुठल्याच हिशेबात बसत नाही. कानातल्या रिंगा आणि हुडी हीसुद्धा कारणं! त्या मुलांचे आईबाप शाळा चालवणाऱ्या बोर्डाच्या सभांना जाऊन बोलत राहिले, तेव्हा कुठे सरकारनं चौकशी लावली, 27 निर्देश दिले, आणि तरी बोर्ड हलेना म्हणून त्याच वर्षी जूनमध्ये कारभारच काढून घेतला. जाऊन बोललं की होतं, एवढं मला त्यातून कळलं.

आता आदूच्या शाळेतही तेच. दोघांच्या हुड्या एकाच दुकानातल्या. आदूला नुसतं ‘काढ’ म्हणाले, त्याच्या मित्राला तीन दिवस घरी पाठवलं. आदूनं घरी येऊन स्वतःची हुडी घडी करून कपाटाच्या तळाशी ठेवली आणि जेवला नाही, हे तू सांगत होतीस. तेव्हा मी ऐकायला हवं होतं, आणि मी नादाचं काढलं.

तुला आठवतं का गं, ताईआत्यांच्या सांगण्यावरून मी तुझ्या कोपरांना रोज साय आणि डाळीचं पीठ घासायचे. सहा वर्षांची होतीस. एकदा कातडी सोलवटली, डोळ्यांत पाणी आलं तरी हात पुढे धरून म्हणालीस, ‘आई, झाले का गं मी?’ काय झाले, ते मी विचारलं नाही. मला कळलं होतं. त्याच वर्षी गॅदरिंगला तुला परी व्हायचं होतं, बाईंनी झाड केलं. मी त्याच शाळेत शिकवत होते. स्टाफरूममध्ये त्या माझ्या समोरच्या खुर्चीवर बसायच्या. मी एका शब्दानं विचारलं नाही. घरी येऊन तुझ्या हिरव्या कागदाच्या फांद्या कापत बसले.

तू दुसऱ्याच्या मुलासाठी उभी राहिलीस. नानांच्या फोटोसमोर सांगितलं मी त्यांना.

सभेत आवाज चढवू नकोस. तारीख, वेळ, कोण काय म्हणालं, सगळं लिहून ने. आणि आधी त्या मुलाच्या आईला बोलू दे, सोसलंय तिनं. तू तिच्या शेजारी बस. शिरीषरावांना सोबत ने, एकटी रात्रीची गाडी चालवत येऊ नकोस. थंडी असेल. हे बघ, परत शिकवायला लागले. राग मानू नकोस. तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं, ते मंगळवारीच दिसलं.

भीती मात्र जात नाही गं. परका मुलूख, नाव एकदा कागदावर गेलं की कोण कुठे काढेल सांगता येत नाही. तुम्हाला त्रास झाला तर मी इथून काय करणार?

आदूला सांग, आजी चुकली. नको, तू नको सांगूस, मीच सांगेन. त्याच्या मित्रालाही लाडू मिळायला हवेत, म्हणून पार्सलमध्ये दोन डबे घातलेत.

सभा बुधवारी संध्याकाळी सातला ना? इथे गुरुवारचे पहाटेचे साडेचार होतील. मी जागी असेन. संपल्यावर फोन कर, कितीही वाजू देत. आणि सही केलीस का, तेवढं सांग.

तुझी,
आई