दोंडाईच्यापासून जळगावपर्यंत साथ देणाऱ्यांचे आभार

मे महिन्यातल्या भर दुपारी नंदुरबारहून जळगावला येताना साध्या डब्यात मी दोन लेकरांसह एकटीच होते. दोंडाईचा सोडलं आणि दीड वर्षाच्या धाकट्याला जुलाब सुरू झाले, मग उलट्याही. डब्यातल्या कुणाचंच नाव मला ठाऊक नाही, म्हणून इथे लिहितेय.

समोरच्या ताई (बोलण्यावरून आशाताई, म्हणजे गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशा सेविका वाटल्या) लगेच उठल्या. त्यांच्या पिशवीत ओआरएसचं पाकीट होतं. अख्खं पाकीट १ लिटर पाण्यातच कालवायचं, ग्लासभर पाण्यात नाही, हे त्यांनी बजावलं. उलटी झाली की १० मिनिटं थांबायचं आणि पुन्हा चमचा-चमचा पाजायचं. अंगावरचं दूध बंद करायचं नाही. मधूनमधून त्या बाळाचे डोळे बघत होत्या, लघवी झाली का विचारत होत्या. "घाबरू नको वं माय," एवढं त्या इतक्या ठामपणे म्हणाल्या की माझे हात थरथरायचे थांबले.

पाण्याची सीलबंद बाटली देणारे दादा, खिडकीची जागा सोडणारे आजोबा, तुमचेही आभार. आणि अमळनेरला उतरलेल्या आजी! तुम्ही माझ्या मोठीला मांडीवर घेऊन कळण्याची भाकरी भरवलीत. घरी ती ज्वारी-उडदाची भाकरी बघतसुद्धा नाही, आता मागून खाते.

जळगावला डॉक्टरांनी झिंक १४ दिवस द्यायला सांगितलं, ते पूर्ण झालं. बाळ ठणठणीत आहे. ताई, हे वाचलंत तर नक्की कळवा, मला तुम्हाला भेटायचं आहे.