महास्फोटाला सुरुंग लावण्याची घाई

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कालच्या पुरवणीतील ‘महास्फोटाच्या सिद्धांताला सुरुंग’ हा लेख वाचला. मथळा आठ कॉलमी, मजकूर दीड कॉलम. त्या दीड कॉलमात शास्त्रज्ञ एकदा हादरले, दोनदा चक्रावले आणि शेवटी थक्क झाले. एवढी दाणादाण उडालीच होती, तर नेमकी कशाने उडाली तेही लिहायचे होते. त्याला जागा उरली नसावी.

जेम्स वेब अवकाश दुर्बिणीला विश्वाच्या आरंभीच्या दीर्घिका अपेक्षेपेक्षा उजळ दिसतात, हे लेखकाचे म्हणणे खरे आहे. म्हणजे तिथे तारे फार लवकर आणि फार जास्त बनले असावेत, यावर वाद चालू आहे. म्हणून महास्फोट झालाच नाही, हे मात्र लेखकाच्या पदरचे. विश्वाचे प्रसरण, १९६५ साली सापडलेले पार्श्वभूमी प्रारण (महास्फोटाचा सगळीकडून येणारा उरलासुरला उजेड), हायड्रोजन-हेलियमचे प्रमाण, या सगळ्याचे काय करायचे याबद्दल लेखात अवाक्षर नाही.

त्या दीर्घिकांतले तारे कोणी एकेक करून मोजलेले नाहीत, एवढे तरी वाचकांना सांगायला हवे होते. आपल्याला पोचतो तो तिथल्या तरुण, जड ताऱ्यांचा अतिनील प्रकाश, आणि तोही वाटेत ताणला जाऊन अवरक्त झालेला. त्या उजेडावरून ताऱ्यांचे वस्तुमान काढताना जड आणि हलक्या ताऱ्यांचे प्रमाण आपल्या आसपास आहे तसेच तिथेही असेल, असे साधारणपणे धरून चालतात. जड ताऱ्यांचा भरणा जास्त असला, तर तेवढाच उजेड कमी वस्तुमानातून मिळतो. शिवाय तारे एका चालीने न बनता उमाळ्यांनी बनत असतील, तर नेमक्या उमाळ्यात असलेल्या दीर्घिकाच आपल्या नजरेत भरणार. मंदावलेल्या दिसायच्याच नाहीत. काही ठिकाणी तर उजेडाचा मोठा वाटा कृष्णविवराभोवतीच्या तापलेल्या वायूचा असतो आणि तो ताऱ्यांच्या खात्यावर जमा होतो. यातले काय कुठे किती लागू पडते, त्याचा शोध चालू आहे. सुरुंगाचा त्यात काही संबंध नाही.

‘तीस कोटी वर्षांत ऑक्सिजन तयार होणे अशक्यच’ हे लेखातले वाक्य कोणी तपासले होते का? जेड्स-जीएस-झेड१४-० ही दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ३० कोटी वर्षांनी होती तशी आपल्याला दिसते. तिचा उजेड १,६०० प्रकाशवर्षांहून मोठ्या भागात पसरलेला आहे. म्हणजे तो मुख्यतः ताऱ्यांचाच, एकट्या कृष्णविवराचा नव्हे. २०२५ मध्ये चिलीतील अल्मा या रेडिओ दुर्बिणींच्या संचाला तिथे ऑक्सिजनची खूण मिळाली. जड मूलद्रव्ये अपेक्षेच्या दसपट निघाली, आश्चर्य खरोखरच वाटले. पण अशक्य? सूर्याच्या पंचवीसपट वस्तुमानाचा तारा साधारण ७० लाख वर्षांत आपला खेळ आटोपतो आणि पोटातला ऑक्सिजन बाहेर उधळतो. तीसपैकी नुसत्या दहा कोटी वर्षांत अशा डझनभर पिढ्या सहज होतात. हा भागाकार करायला दुर्बीण लागत नाही.

आता माझ्या रागाचे मूळ. जुलै २०२२ मध्ये वेब दुर्बिणीची पहिली छायाचित्रे आली आणि महिना उलटायच्या आत सोळाहून अधिक ताम्रसृती (प्रकाश वाटेत किती ताणला गेला त्याचे माप; जितके जास्त, तितकी दीर्घिका दूरची आणि आधीच्या काळातली) असलेल्या दीर्घिकेची बातमी आपण पहिल्या पानावर घेतलीत. मी पत्र पाठवले. पहिल्या परिच्छेदात दुर्बिणीचे आणि बातमी दिल्याबद्दल आपले कौतुक होते. दुसऱ्यात असे लिहिले होते, की हे अंतर वर्णपटावरून, म्हणजे प्रकाश रंगांत फोडून, काढलेले नाही. ठरावीक रंगाचाच प्रकाश आत सोडणाऱ्या वेगवेगळ्या फिल्टरांपैकी कोणत्या फिल्टरमध्ये दीर्घिका दिसेनाशी होते, त्यावरून बांधलेला तो अंदाज आहे. धुळीने लालसर झालेली जवळची दीर्घिकाही असाच चकवा देऊ शकते, तेव्हा वर्णपट येईपर्यंत थांबावे.

आपण पहिला परिच्छेद छापलात, दुसरा उडवलात आणि खाली माझे पूर्ण नाव घातलेत. दुसऱ्या दिवशी आमच्या निरीक्षण मंडळातल्या एका पोराने ते कात्रण ग्रुपवर टाकून विचारले, ‘सर, वर्णपट मिळाला का हो?’ त्या पोराला वर्णपट म्हणजे काय हे मीच शिकवले होते. मूळ पत्राचा फोटो काढून टाकला, पण छापून आलेल्यापुढे हाताने लिहिलेले कोण वाचतो?

२०२३ मध्ये वर्णपट आला. ताम्रसृती निघाली ४.९. म्हणजे महास्फोटानंतर २४ कोटी वर्षांची म्हणून मिरवलेली दीर्घिका प्रत्यक्षात सुमारे १२० कोटी वर्षांनंतरची होती. तिच्यातल्या धुळीने आणि ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ठळक रेषांनी मिळून फिल्टरांना फसवले होते. हा वर्णपट ज्या शोधनिबंधात आला, त्यातच ‘मेझीची दीर्घिका’ ही दुसरी दूरची दीर्घिका मात्र ११.४ वर पक्की ठरली. म्हणजे अंदाजाची पद्धतच टाकाऊ आहे असेही नाही. आपल्या वाचकांना यातले काहीच कळले नाही. मी कार्यालयात फोन केला, तर पलीकडून उत्तर आले, ‘काका, ती बातमी जुनी झाली, आता कोण वाचणार?’ तेराशे कोटी वर्षांपूर्वीचा उजेड पहिल्या पानावर ताजा, आणि गेल्या वर्षीची चूक तेवढी शिळी! वर मलाच ‘काका’.

आणखी एक. कालच्या लेखासोबत जांभळ्या-सोनेरी भोवऱ्याचे भलेमोठे चित्र आहे आणि खाली ओळ आहे, ‘वेब दुर्बिणीने टिपलेली आद्य दीर्घिका’. ते कोणा चित्रकाराने संगणकावर रंगवलेले आहे. वेबच्या खऱ्या छायाचित्रात अशी दीर्घिका म्हणजे एक तांबूस पुसट ठिपका आहे, आणि तो रंगसुद्धा अवरक्त प्रकाशाला नंतर दिलेला. ठिपका छापला तर पान उठून दिसणार नाही, ही अडचण मी समजू शकतो. मग चित्राखाली ‘कल्पनाचित्र’ एवढे तरी लिहावे. शब्द एकच आहे, जागेचा प्रश्न येऊ नये.

लेखकाविषयी वैयक्तिक आकस नाही. त्यांचा ग्रहणावरचा लेख चांगला होता. हे पत्र लांबले आहे याची कल्पना आहे. कात्री लावायचीच असेल तर पहिल्या दोन परिच्छेदांना खुशाल लावा. नावाखाली ‘संक्षिप्त’ असे छापायला मात्र विसरू नका.

आपला,
एक जुना वर्गणीदार