बॉक्सिंगचा पिक्चर म्हणजे नुसती शेवटची फाइट नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

रविवारच्या पुरवणीतला बॉक्सिंगच्या पिक्चर्सवरचा लेख आवडला, पण 'समबडी अप देअर लाइक्स मी'ला त्यात जेमतेम दोन ओळी, आणि त्यातही 'वाया गेलेला पोरगा चॅम्पियन होतो' एवढंच, हे काही पटलं नाही म्हणून लिहितोय.

दिग्दर्शक रॉबर्ट वाइजचा १९५६चा हा पिक्चर रॉकी ग्रॅझियानो या खऱ्याखुऱ्या बॉक्सरवर आहे. न्यूयॉर्कच्या लोअर ईस्ट साइडचा पोरगा, चोऱ्यामाऱ्या, सुधारगृह, जेल, आर्मीत घेतलं तर तिथे कॅप्टनलाच ठोसा मारून पळाला आणि मग मिलिटरी जेलमध्ये. रोल खरं तर जेम्स डीन करणार होता, तो १९५५ मध्ये कार अॅक्सिडेंटमध्ये गेला आणि पॉल न्यूमन आला. न्यूमनने सोनं केलंय हो! खांदे उडवत चालणं काय, तोंडातल्या तोंडात बोलणं काय, एक क्षण शांत उभा राहत नाही. जोसेफ रटनबर्गच्या ब्लॅक अँड व्हाइट कॅमेऱ्याला ऑस्कर मिळालं ते उगाच नाही.

पण मला सांगायचंय ते बापाबद्दल. बाप स्वतः अपयशी बॉक्सर, दारू पिऊन मित्रांसमोर एवढ्याशा पोराच्या हातात ग्लोव्हज चढवतो आणि त्याला बदडतो, पोरगं रडत पळतं. पुढचा सगळा राग तिथून आलाय. आणि टायटल फाइटच्या आधी रॉकी त्याच बापासमोर जाऊन विचारतो की तुमच्यासाठी मी काय करू, तेव्हा बाप म्हणतो, मला जमलं नाही ते तू हो, चॅम्पियन हो. माझ्या मते पिक्चरची खरी फाइट ही, आणि लेखात तिचा उल्लेखच नाही.

शेवटची फाइट १६ जुलै १९४७ची, शिकागोत, समोर तेव्हाचा चॅम्पियन टोनी झेल. शिकागोत अशासाठी की न्यूयॉर्कच्या बॉक्सिंग कमिशनने रॉकीचं लायसन्स काढून घेतलं होतं, कारण त्याला कुणीतरी मॅच हरायला पैसे देऊ केले होते ते त्याने कळवलं नव्हतं. आदल्या वर्षी झेलने त्याला सहाव्या राउंडला पाडलं होतं, यावेळी रॉकीने झेलला सहाव्यातच हरवलं. पिक्चर इथे संपतो, पण जून १९४८ मध्ये झेलने तिसऱ्या राउंडला त्याला झोपवून टायटल परत नेलं, म्हणजे वर्षभरसुद्धा टिकलं नाही. मग चॅम्पियन झाला म्हणून सुधारला असं कसं म्हणायचं? नॉर्माशी लग्न मात्र १९९० ला तो जाईपर्यंत टिकलं, आणि पिक्चरमध्ये पिअर अँजेलीची नॉर्मा, जिला बॉक्सिंग बघवतसुद्धा नाही, तिच्यासोबतचे सीन बघितले की हा पोरगा कधी आणि कुणामुळे बदलला ते कळतं.

विनंती एवढीच की पुरवणीत जुन्या पिक्चर्सना जरा जास्त जागा द्या आणि वाइजच्याच १९४९च्या 'द सेट-अप'वर कुणाकडून तरी नीट लिहून घ्या, त्यातला म्हातारा होत चाललेला बॉक्सर मुद्दाम हरायला नाही म्हणतो, आणि रविवारच्या लेखात या पिक्चरचं नावसुद्धा नव्हतं.

आपला,
एक नियमित वाचक, सातारा