टीव्हीचा सप्लाय बोर्ड दुरुस्त झाला

सांगली, गुरुवार

तीर्थरूप बाबा आणि सौ. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

साताऱ्याहून निघताना टीव्हीचा सप्लाय बोर्ड, म्हणजे आतल्या भागांना वीज पुरवणारी पट्टी, काढून मी सोबत आणला होता, त्याचे काम काल रात्री पूर्ण झाले. ‘मेन बोर्ड गेला, आता नवीन सेटच घ्या’ असे सांगणाऱ्या मेकॅनिकने झाकणसुद्धा उघडले नव्हते, हे कळले तेव्हाच मला शंका आली होती.

खरी खूण आईच्या बोलण्यात होती. सकाळी गारठ्यात लाल दिवा नुसता लुकलुकतो, आतून टिकटिक ऐकू येते, चित्र यायला दहा मिनिटे लागतात, पण एकदा लागला की रात्रीपर्यंत बिनतक्रार चालतो, असे ती म्हणाली होती. थंडीत अडणे आणि तापल्यावर सुरळीत होणे हे बहुधा कपॅसिटर (वीज साठवून पुरवठा स्थिर ठेवणारा छोटा डबीसारखा भाग) आतून सुकत आल्याचे लक्षण असते. म्हणून तिथेच मीटर लावून पाहिले. फ्यूज शाबूत होता, मोठ्या कपॅसिटरवर सुमारे 320 व्होल्ट डीसी मिळत होते आणि स्टँडबायचे, म्हणजे टीव्ही नुसता लाल दिव्यावर असतानाचे, 5 व्होल्टही स्थिर होते. केवळ 12 व्होल्टची लाइन 8 पर्यंत चढून प्रत्येक टिकटिकीबरोबर कोसळत होती.

त्या लाइनवर 1000 मायक्रोफॅरड (वीज साठवण्याच्या क्षमतेचे माप) क्षमतेचे दोन कपॅसिटर आहेत. एकाचे डोके स्पष्ट फुगलेले होते. दुसरा दिसायला धडधाकट, पण काढून मोजला तर जेमतेम 180 भरला, त्यामुळे दोन्ही बदलले. जुने 16 व्होल्टचे होते, नवे 25 व्होल्टचे आणि 105 अंशांपर्यंतचे तापमान सोसणारे घातले. पहिल्यांदा वीज दिली ती 60 वॉटच्या बल्बच्या सिरीजमधून. बल्ब क्षणभर उजळून मंदावला, म्हणजे कुठे शॉर्ट नाही. मग मोटारसायकलचा दिवा भार म्हणून जोडून बोर्ड दोन तास चालवला आणि 12 व्होल्ट जागचे हलले नाहीत.

बाबा, फ्यूज काळा पडून उडाला असता, तर तुमची फ्यूजच्या जागी तांब्याची तार घालण्याची युक्ती महागात पडली असती. तशा वेळी बहुतेकदा ब्रिज (एसीचे डीसी करणारा भाग) किंवा मॉस्फेट (वेगाने चालू-बंद होणारा इलेक्ट्रॉनिक स्विच) शॉर्ट झालेला असतो आणि तार घातली की उरलेला बोर्डही जळतो. शिवाय प्लग काढल्यावरही मोठ्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा चार्ज राहू शकतो, म्हणून मागे हात घालू नये.

आई, कपॅसिटरभोवतीचे तापमान 10 अंशांनी वाढले की त्याचे आयुष्य साधारण निम्मे होते, आणि तुझा भरतकामाचा रुमाल नेमका टीव्हीच्या जाळीवर येतो. तो आता शोकेसवर अंथरावा. वळवाचे ढग गडगडू लागले की प्लगबरोबर डिशची केबलही काढून ठेवावी.

शनिवारी सकाळच्या एसटीने येऊन बोर्ड बसवते. झाकणाचे अकरा स्क्रू देवघराच्या फळीवरील वाटीत ठेवले आहेत. तोवर ती वाटी घासायला टाकू नये.

तुमची लेक