मंत्रीमहोदय, सरफोजी महाराजांच्या सहीचं पुस्तक लंडनमध्ये का?

प्रति,
मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

स.न.वि.वि.

दिवाळी संपता संपता मला एका सरकारी कचेरीतून पत्र आलं. कचेरीचं नाव इथे लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी पत्र तेच आलं असतं. आत एक ओळ होती : ‘आपला अर्ज पुढील योग्य त्या कार्यवाहीसाठी संबंधित विभागाकडे वर्ग करण्यात आला आहे.’ संबंधित विभाग कोणता, ते लिहिलेलं नाही. खालची सहीही वाचता येत नाही.

अर्जात मी एकच गोष्ट विचारली होती. तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातून 2005 साली चोरीला गेलेला, तंजावरचे राजे सरफोजी भोसले यांच्या सहीचा तमिळ नवा करार (बायबलचा दुसरा भाग) परत यावा म्हणून महाराष्ट्राने केंद्र सरकारकडे काही लिहिलं आहे का? हो किंवा नाही. याच कचेरीतल्या साहेबांनी मला समोर बसवून, चहा पाजून सांगितलं होतं, “काका, महिन्याभरात लेखी उत्तर देतो. हा तर आपल्या भोसल्यांचा विषय आहे.” त्या शब्दावर विसंबून मी पावसाळाभर गप्प बसलो.

साहेब, मी जुळारी आहे. पुण्याच्या छापखान्यांत उभ्या उभ्या खिळे जुळवून आयुष्य काढलं. ऑफसेट आलं, मग डीटीपी आलं आणि आमची खिळ्यांची घरं भंगारात किलोच्या भावाने गेली. गुडघे गेले ते त्या उभं राहण्यानेच. डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजव्याचं राहिलंय. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की तो नवा करार तमिळमध्ये आणून छापणारा बार्थोलोमेउस झीगेनबाल्ग हा माणूस मला धर्माच्या वाटेने भेटला नाही, खिळ्यांच्या वाटेने भेटला.

हा जर्मनीच्या सॅक्सनीतल्या पुल्सनिट्झ गावचा पोरगा. हाले इथे शिकला, डेन्मार्कच्या राजाने पाठवला म्हणून निघाला आणि 9 जुलै 1706 रोजी आजच्या तमिळनाडूतल्या तरंगमबाडीच्या किनाऱ्यावर उतरला. वय जेमतेम चोवीस. सोबत हाइनरिश प्ल्युत्शाऊ. प्रोटेस्टंट पंथाचे हिंदुस्थानात आलेले हे पहिले मिशनरी. गाव डॅनिश कंपनीच्या ताब्यात, पण भोवतालचा मुलूख तंजावरच्या राज्याचा, आणि त्या वेळी गादीवर कोण होतं? शहाजी भोसले, म्हणजे व्यंकोजीराजांचे चिरंजीव, शिवछत्रपतींचे पुतणे. आपल्याकडच्या किती शाळांत हे शिकवतात?

झीगेनबाल्ग तमिळ शिकला तो गावच्या पंतोजींच्या शाळेत, पोरांच्या रांगेत बसून, वाळूत बोटाने अक्षरं गिरवत. लोकांकडून ताडपत्राच्या पोथ्या विकत घेतल्या, उतरवून घेतल्या आणि 1708 मध्ये त्या शंभराहून जास्त तमिळ ग्रंथांची टिपणांसह यादी केली. त्याच वर्षी नव्या कराराचं भाषांतर हाती घेतलं. तेवढ्यात एका गरीब विधवेच्या देण्याघेण्याच्या तंट्यात तिची बाजू घेतली म्हणून कंपनीच्या कमांडंटने त्याला डॅन्सबोर्गच्या किल्ल्यात चार महिने कोंडलं. लेखणी आणि शाईसुद्धा हाती लागू दिली नाही. सुटल्यावर तो पुन्हा कामाला बसला आणि 1711 मध्ये भाषांतर पुरं केलं.

आता छपाईचं ऐका. लंडनच्या एका ख्रिस्ती संस्थेने त्याला छापखाना पाठवला. वाटेत रिओ दी जानेरोजवळ फ्रेंचांनी जहाज पकडलं. छापखाना कसाबसा सुटून पोहोचला, पण त्याच्याबरोबर निघालेला मुद्रक मात्र आलाच नाही, तो प्रवासातच वारला. मग हालेहून तमिळ खिळे आले. ते एवढे मोठे, की त्या टायपात पूर्ण पुस्तक छापायला कागद पुरला नसता. तेव्हा तिथेच लहान खिळे ओतले. इंग्लंडहून आलेल्या चीजवरची शिशाची वेष्टणं त्यासाठी वितळवली, असं सांगतात. ज्याने शिसं, कथील आणि अँटिमनीचं मिश्रण हाताळलंय त्याला हे वाचून काय होतं ते मी शब्दांत सांगू शकत नाही. तमिळच्या वेलांट्या, गाठी, वळणं त्या ओबडधोबड धातूत उतरवायची, एकेक खिळा समपातळीत घासायचा, चौकट आवळायची, आणि खिळा एका केसाने जरी वर राहिला तरी त्या जागी कागद फाटणार. अशा अवस्थेत 1714 मध्ये शुभवर्तमानं आणि 1715 मध्ये अख्खा नवा करार छापून निघाला. हिंदुस्थानी भाषेत छापलेला हा पहिला नवा करार.

तो संत होता असं मी म्हणत नाही. इथल्या देवधर्माला तो अंधारच समजत होता. त्याचं तमिळ रांगडं होतं आणि जेझुइट पंडित बेस्की यांनी त्यावर सडकून टीका केली. पुढे फाब्रिसियस या मिशनऱ्याने आयुष्य घालून ते भाषांतर नव्याने घडवलं. पण याच झीगेनबाल्गने दक्षिणेतल्या देवदेवतांवर ग्रंथ लिहून 1713 मध्ये युरोपात पाठवला, तेव्हा त्याच्याच वरिष्ठांनी त्याला झापलं : मूर्तिपूजा उपटायला पाठवलंय, तिची माहिती पसरवायला नाही. तो ग्रंथ छापायला 1867 उजाडलं, तेही मद्रासला. म्हणजे वरच्या कचेरीत फाइल दाबून ठेवण्याचा अनुभव त्यालाही होता. जुन्या कराराचं (बायबलच्या पहिल्या भागाचं) भाषांतर रूथच्या पुस्तकापर्यंत आलं आणि 23 फेब्रुवारी 1719 रोजी तो गेला. वय 36. स्वतः बांधलेल्या न्यू जेरुसलेम चर्चमध्येच त्याला पुरलंय.

त्या 1715 च्या नव्या कराराची एक प्रत सरस्वती महालात होती. तरंगमबाडीच्याच मिशनमध्ये 1750 मध्ये आलेला श्वार्ट्झ हा मिशनरी सरफोजी महाराजांचा गुरू. महाराज पोरके असताना त्यांना त्याने सांभाळलं, शिकवलं. प्रत त्यानेच दिली असं सांगतात. महाराज ख्रिस्ती झाले नाहीत, आणि गुरूचा मानही त्यांनी कधी कमी केला नाही. 1798 मध्ये श्वार्ट्झ वारल्यावर त्यांनी इंग्लंडमधल्या फ्लॅक्समन या शिल्पकाराकडून संगमरवरी शिल्प करवून तंजावरच्या चर्चमध्ये बसवलं. त्याच महाराजांनी तंजावरला देवनागरी खिळ्यांचा छापखाना काढला, बाळबोध अक्षरात मराठी पुस्तक छापलं. माझ्या धंद्याचे ते मूळपुरुष! त्यांच्या सहीची ती प्रत 2005 मध्ये ग्रंथालयातून नाहीशी झाली. 2022 च्या जुलैमध्ये तमिळनाडू पोलिसांच्या मूर्तिचोरी तपास शाखेने जाहीर केलं की ती लंडनमधल्या एका संग्रहात सापडली आहे आणि परत आणण्याचे प्रयत्न सुरू आहेत. चोरीनंतर ठावठिकाणा कळायलाच सतरा वर्षं गेली. मूर्ती नव्हे ना ते, पुस्तक. त्याला कोण रडतो?

लंडन आपल्या सरकारला लांब नाही, हे आपणच दाखवून दिलंत. वाघनखं तीन वर्षांच्या बोलीवर आणलीत आणि 2024 च्या जुलैत ती साताऱ्यात मांडलीत. नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार 2025 मध्ये लिलावात 47 लाख 15 हजार रुपये मोजून घेतलीत. दोन्ही वेळेला मला आनंद झाला, मनापासून. पण भोसल्यांची तलवार भोसल्यांची, आणि भोसल्यांनी सही केलेलं पुस्तक कोणाचं? त्यावर क्रूस आहे म्हणून ते परकं झालं का? त्या कचेरीच्या खिडकीवर मला हेच विचारलं. “तुम्ही ख्रिश्चन आहात का? मग तुम्हाला काय करायचंय?” मी माळकरी घरातला आहे, साहेब. माझ्या वडिलांनी वारी चुकवली नाही. मला त्या पोराने उत्तर द्यायला वेळसुद्धा दिला नाही, पुढच्याला हाक मारली. बाकावर बसलो तर शिपाई म्हणाला, बाक स्टाफसाठी आहे.

राग त्या पोराचा नाही. त्याला तसं शिकवलंय कोणी? महापुरुष जातींत वाटून झाले, आता पुस्तकं धर्मांत वाटायची. पुतळ्याला निधी आहे, रोषणाईला निधी आहे, जयंतीच्या मांडवाला निधी आहे. मोडी वाचणारा माणूस नेमायचा म्हटलं की पद रिक्त, भरती स्थगित, ठेकेदारामार्फत बघू. तंजावरच्या त्याच ग्रंथालयात आपल्या मराठी राज्याचे मोडी कागद गठ्ठेच्या गठ्ठे आहेत. 2024 मध्ये मराठीला अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटलेत, तेव्हा या गठ्ठ्यांची आठवण किती जणांना झाली? इथल्या एका जुन्या ग्रंथालयात मी एक शिळाप्रेसवरचं पुस्तक मागितलं, तर ‘बांधणीला गेलंय’ म्हणाले. बाइंडर माझ्या ओळखीचा. त्याच्याकडे ते कधी गेलेलंच नाही. तिकडे जर्मनीत हालेच्या संग्रहात झीगेनबाल्गच्या काळातली तमिळ ताडपत्रं क्रमांक घालून, निगुतीने ठेवलेली आहेत. आपली ताडपत्रं बघायला तिकडे जायचं आणि आपलं चोरीचं पुस्तक शोधायला लंडनला!

मागणं फार नाही. आपल्या सहीने केंद्रीय सांस्कृतिक मंत्रालयाला आणि तमिळनाडू सरकारला एक पत्र जावं, की सरफोजी महाराजांच्या सहीची प्रत परत आणण्यात महाराष्ट्र सोबत आहे, आणि पैसा लागला तर तलवारीसाठी उघडली तीच तिजोरी उघडू. त्या पत्राची नक्कल सर्वांना वाचता येईल अशी प्रसिद्ध करा. प्रत जिथली आहे तिथेच, सरस्वती महालातच गेली पाहिजे; ती मुंबईला आणून फीत कापू नका. आणि तंजावरचे मोडी कागद वाचायला पाच माणसं कायम पदावर नेमा, पगार वेळेवर द्या.

माझा अर्ज कोणत्या विभागाकडे ‘वर्ग’ झाला तेही शोधून कळवा. उत्तर टपालानेच पाठवा, मोबाइलच्या पडद्यावरचं मला आता दिसत नाही. अक्षर जरा मोठं ठेवायला सांगा.

कळावे,

आपला,
एक निवृत्त जुळारी,
पुणे