चेस्टरच्या दुमजली बाजारातून

चेस्टर, इंग्लंड

तीर्थरूप आण्णांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

परवा तुम्ही म्हणालात, दुकानापुढं गाड्या लागल्या की गिऱ्हाईकाला पायरी चढायला जागा उरत नाही. तेव्हापासून इथल्या बाजाराबद्दल लिहायचं मनात होतं.

इथं दुकानांवर दुकानं आहेत. रस्त्यावरून काही पायऱ्या उतरलं की एक दुकान, जिना चढलं की दुसरं. वरच्या दुकानांपुढून ओसरी जाते, ती एका घरातून थेट शेजारच्या घरात. डोक्यावर वरचा मजला असल्यानं पाऊस लागत नाही. या ओसऱ्या १३व्या शतकापासूनच्या! घरं खाजगी, पण वाट सगळ्यांची. खालच्या रस्त्यावरही दिवसा गाड्यांना बहुतेक बंदीच असते, बायाबापड्या निवांत फिरतात.

ओसरी आणि कठडा यांच्यामध्ये फळ्यांचा उतरता ओटा आहे. पूर्वी व्यापारी त्यावर माल मांडायचे. तो उतरता ठेवल्यामुळं खालच्या दुकानात शिरणाऱ्याचं डोकं वर आपटत नाही. मी त्या फळ्यांवरून हात फिरवून पाहिला. किती विचार केलाय!

पांढऱ्या भिंतींवर काळ्या लाकडाच्या नक्षीची घरं फार देखणी दिसतात. त्यातली बरीच १९व्या शतकात जुन्या धर्तीवर नव्यानं बांधलेली आहेत. खालची दगडी तळघरं मात्र कितीतरी जुनी. घर पाडून बांधलं तरी ओसरी मोकळी सोडली, याचं मला मोठं कौतुक वाटतं.

सगळीकडं तसं झालं नाही. १६४३ मध्ये, यादवीच्या धामधुमीत, सर रिचर्ड ग्रोव्हनर यांनी लोअर ब्रिज स्ट्रीटवरच्या आपल्या घरापुढची ओसरी रीतसर परवानगी मागून आत घेतली. त्यांचं बघून इतरांनीही घेतली. त्या रस्त्यावरची सलग वाट तुटली ती तुटलीच.

आण्णा, आपल्या लातूरच्या बाजाराची गोलाई १९१७ची. मधोमध अंबाबाई, भोवती १६ रस्ते. अशी बांधणी मी इथंही पाहिली नाही. तुम्ही आपल्या ओळीतल्या दुकानदारांना एकदा चहाला बोलवा. पुढची चार हात जागा सगळ्यांनी मिळून मोकळी ठेवायची, एवढंच बोला. एकट्यानं ठेवली तर तिथं दुसऱ्याची गाडी लागते, हे मलाही कळतं. तुमचा शब्द तिथं कोणी मोडत नाही.

आईचा गुडघा कसा आहे ते कळवा. बापूला दुकानाचे फोटो पाठवायला सांगा, रस्त्यापासून पायरीपर्यंतचे.

तुमची,
वैशाली