माळ्यावरची ट्रंक भंगारात देण्याआधी : गिरगावकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

गिरगावातल्या चाळी एकामागून एक पुनर्विकासाला निघाल्या आहेत. घर रिकामं करायची वेळ आली की घाईघाईत माळा उतरवला जातो आणि पत्र्याच्या ट्रंका न उघडताच भंगारवाल्याकडे जातात. अशीच एक ट्रंक आमच्या वाचनालयाच्या सभासदाने अर्ध्या जिन्यातून परत वर नेली. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, सिनेमा थिएटरच्या पडद्यावर दाखवायच्या सहा काचा निघाल्या. पाचांवर हाताने रंगवलेल्या जाहिराती. सहावी काजळी धरलेली आणि तिच्यावर टाचणीने लिहिलेलं : ‘डॉक्टरसाहेब, घरून बोलावणं आलं आहे.’ चालू खेळात ऑपरेटरने ही काच पडद्यावर दाखवली असणार. अक्षर मात्र कोणाचं, हे सांगणारं त्या घरात आता कोणी उरलेलं नाही.

ही हळहळ पुन्हा नको, म्हणून हे आवाहन.

३ मे १९१३ रोजी दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला तो आपल्या गिरगावात, कोरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये. १४ मार्च १९३१ ला आपला पहिला बोलपट ‘आलम आरा’ लागला तोही इथेच, मॅजेस्टिकमध्ये. कोरोनेशन कधीच गेलं. मॅजेस्टिकच्या जागी शॉपिंग सेंटर आहे. ‘आलम आरा’ची तर एकही प्रत शिल्लक नाही. तरी या तारखा पुस्तकांत आहेत, त्या कोणी पुसणार नाही. माणसं मात्र पुसली गेली. ग्रँट रोडच्या एका खानावळीत काम करणारे अण्णा साळुंके फाळक्यांची तारामती झाले आणि १९१७ च्या ‘लंकादहन’मध्ये राम आणि सीता दोघंही त्यांनीच रंगवली. आज हे नाव किती घरांत माहीत आहे? त्यांचं निदान नाव तरी उरलं. मूकपट चालू असताना पडद्यापुढे बसून पेटी-तबला वाजवणारे, बोर्ड रंगवणारे, हँडबिलं वाटत फिरणारे, एका थिएटरातून दुसऱ्यात सायकलवरून रिळं पोचवणारे यांची कुठेच नोंद नाही.

त्यांच्या वस्तू आणि आठवणी आम्ही गोळा करत आहोत. काचेच्या स्लाइड, गाण्यांच्या चोपड्या, तिकिटांचे तुकडे, हँडबिलं, पगाराची वही, थिएटरच्या दारातला एखादा फोटो, काहीही चालेल. फाटकं असलं तरी चिकटपट्टी लावू नका, तसंच द्या. वस्तू हातची सोडवत नसेल तर स्कॅन करून त्याच दिवशी परत करू.

घरात कोणी ऑपरेटर, डोअरकीपर किंवा बुकिंगवर बसलेलं असेल तर आम्ही रेकॉर्डर घेऊन घरी येऊ. प्रोजेक्टरच्या उजेडासाठी जळणाऱ्या कार्बनच्या कांड्यांमधलं अंतर हाताने सांभाळत, एक रीळ संपता संपता दुसरा प्रोजेक्टर अचूक सुरू करणारे हात आता ऐंशीच्या पुढे आहेत. आम्हाला सगळ्यात जास्त घाई याच कामाची आहे.

एक काळजीची गोष्ट. जुनी फिल्म सापडली तर ती उन्हात, गॅसजवळ किंवा देवघरातल्या दिव्याजवळ ठेवू नका. १९५० च्या सुमारापर्यंतची बरीच फिल्म नायट्रेटची असे आणि ती झटकन पेट घेते. डबा उघडू नका, आम्हाला कळवा. अशी फिल्म आम्ही ठेवून घेणार नाही. १९६४ पासून हेच काम करणाऱ्या पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी तुमची गाठ घालून देऊ. आणि कृपा करून ती भंगारात घालू नका. फिल्ममधली चांदी काढून घेण्यासाठी आपल्याकडे कितीतरी चित्रपट नष्ट केले गेले.

पैशांचीही गरज आहे. एक लोखंडी कपाट, आम्लरहित कागदाची पाकिटं आणि बरा स्कॅनर एवढंच तूर्त हवं आहे. रक्कम कितीही लहान असो, पावती मिळेल आणि खर्चाचा हिशेब वाचनालयाच्या फलकावर दर महिन्याला लागेल. पैसे शक्य नसतील तर आठवड्यातले दोन तास द्या. मोडी वाचणारे आणि जुन्या गुजराती जाहिरातींचा अर्थ लावून देणारे कोणी असतील तर फारच बरं.

रोज संध्याकाळी आमच्यापैकी कोणी ना कोणी वाचनालयात असतं. ट्रंक जड असेल तर नुसता निरोप धाडा, उचलायला आम्ही येतो.

आपली,
वाचनालयाची संग्रह समिती